चुंबळ नसलेली घागर: सायलिसिनचं एक प्रकरण

नऊ स्त्रीबीजं, डिशमध्ये प्रत्येकाभोवती हजारो शुक्राणू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फलित झालेलं एकही नाही. २०२४ च्या दिवाळीनंतर धायरीचं एक जोडपं हा कागद घेऊन माझ्याकडे आलं. मी पुण्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते. टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला प्रयत्न फसलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात, पण नवांपैकी शून्य हा आकडा नेहमीचा नाही. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत.

तो छत्तीस वर्षांचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. ती बत्तीस, शाळेत गणित शिकवते. लग्नाला सहा वर्षं. त्यातली पहिली साडेतीन वर्षं तपासण्या मुख्यतः तिच्याच झाल्या: संप्रेरकं, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीतून तपासणी, महिन्यामागून महिना स्त्रीबीजाची वाढ बघायला सोनोग्राफी, मग चार वेळा आययूआय, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं. सगळं नॉर्मल. सोळा सोमवारही झाले. त्याची वीर्यतपासणी या काळात तीनदा झाली होती आणि तिन्ही रिपोर्टांवर खाली ‘नॉर्मल’ असा शिक्का होता.

ते तीन कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. संख्या मिलिलिटरला ४८ मिलियन, नंतर ५२, नंतर ४५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १६ मिलियन आहे, म्हणजे इथे तिप्पट. पुढे सरकणारे शुक्राणू ३४ टक्के, मर्यादा ३०. काठावर, पण आत. आणि मग ‘आकार’ या ओळीत एका लॅबने लिहिलं होतं ६० टक्के नॉर्मल, दुसरीने ५५, तिसरीने ६५.

इथे थोडं थांबते, कारण प्रकरणाची साडेतीन वर्षं याच ओळीत गेली. काटेकोर निकष लावले तर अगदी सुदृढ, मुलंबाळं असलेल्या पुरुषाच्या शुक्राणूंपैकीही थोडेच ‘नॉर्मल’ ठरतात. खालची मर्यादा आहे ४ टक्के. ज्या रिपोर्टात ६० टक्के लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा कुणी प्रत्येक शुक्राणूचा माथा, मान, शेपटी वेगवेगळी बघितलेली नसते. थेंब बघितला, वळवळ दिसली, साधारण बरे वाटले, आकडा टाकला. संख्या मोजायला यंत्र आहे, माथा बघायला डोळा आणि वेळ लागतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, “मॅडम, शंभरात शहाण्णव रिजेक्ट आणि लॉट पास? आमच्याकडे सप्लायरला दारातून परत पाठवतात.”

टेस्ट ट्यूब बेबी केंद्रातल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंनी शून्य फलनानंतर स्वतः रंगवलेली स्लाइड बघितली होती. दोनशे शुक्राणू मोजले. काटेकोर निकषांत बसणारे दोन. बाकीच्यांचे माथे कुठे चेपलेले, कुठे एका बाजूला फुगलेले, काहींच्या माथ्यावरची टोपी अर्धवट सुटलेली. ही टोपी म्हणजे अ‍ॅक्रोसोम. त्यात विकरं, म्हणजे एन्झाइम, भरलेली असतात. स्त्रीबीजाभोवतीच्या जाड आवरणातून आत शिरायला शुक्राणूला ही टोपी जागेवर लागते. टोपी नसली तर शुक्राणू आवरणापर्यंत पोचतो आणि तिथेच राहतो. डिशमध्ये हजारो सोडले तरी तेच.

मग त्या बाईंनी आणखी एक गोष्ट केली. शेंगदाण्यात लेक्टिन नावाचं साखरेला धरणारं एक प्रथिन असतं, ते अ‍ॅक्रोसोमच्या साखरेला चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या शुक्राणूच्या माथ्यावर हिरवी चंद्रकोर दिसते. याच्या नमुन्यात चंद्रकोरी फाटक्या होत्या, काही माथ्यापासून सुटून बाजूला लोंबत होत्या, काही माथे नुसतेच काळे. फोटो मी त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “फिटिंगचा प्रॉब्लेम आहे.” इतकं अचूक वर्णन मला त्याआधी सुचलं नव्हतं.

पहिला संशय गोल माथ्यांच्या विकाराचा होता. त्यात सगळेच माथे गोल आणि टोपीविना असतात, आणि बऱ्याच रुग्णांत डीपीवाय१९एल२ नावाचं जनुक गायब सापडतं. इथे मात्र माथे गोल नव्हते, तऱ्हेतऱ्हेचे बिघडलेले होते. टोपी तयार होत होती, टिकत नव्हती. गुणसूत्रांचा नकाशा नॉर्मल. वाय गुणसूत्राचे तुकडे गहाळ आहेत का हे तपासायची गरज नव्हती, कारण संख्या उत्तम. तरी कुणीतरी ती तपासणी करून घेतलेली होतीच. आठ महिने को-क्यू-टेन आणि लायकोपीनच्या गोळ्याही झाल्या होत्या. कुठल्याही गोळीने टोपी चिकटत नाही, पण रिकाम्या हाताने घरी पाठवायचं डॉक्टरांनाही जड जातं. त्याबद्दल फार बोलत नाही.

एक्झोम तपासणीचा, म्हणजे सगळ्या जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग एकदम वाचण्याचा, अहवाल सात आठवड्यांनी आला. बदल सापडला तो सीवायएलसी१ या जनुकात. हे जनुक सायलिसिन-१ हे प्रथिन बनवतं. हे प्रथिन पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं ते १९९३ मध्ये, हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रात; कर्करोगाशी त्याचा काही संबंध नव्हता, तिथला गट पेशींच्या सांगाड्याचा अभ्यास करत होता. नाव ग्रीकमधल्या ‘पेला’ या शब्दावरून, कारण शुक्राणूच्या केंद्रकाला खालून धरणारी पेल्यासारखी वाटी या प्रथिनाची असते. माणसात त्याची साखळी ६५१ अमिनो आम्लांची. त्यात लायसिन या अमिनो आम्लाच्या दोन कड्या आणि मागोमाग एक आम्लधर्मी कडी, अशी नक्षी पुन्हा पुन्हा येते. लायसिनच इतकं की एकूण प्रथिनावर धन विद्युतभार. दुसरं सायलिसिनही आहे, त्याचं जनुक नवव्या गुणसूत्रावर. पहिल्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

याच्या अहवालात साखळी अर्ध्याच्या आतच तुटत होती. थांबा असा संकेत मधेच आलेला.

हे प्रथिन नेमकं करतं काय, हे घरच्यांना सांगण्यासाठी मी चुंबळ वापरली. डोकं म्हणजे केंद्रक, घागर म्हणजे अ‍ॅक्रोसोम, आणि दोन्हींच्या मधे कापडाची चुंबळ. शुक्राणू घडत असताना केंद्रक आणि टोपी यांच्यामध्ये एक दाट, अगदी कमी जाडीचा थर तयार होतो. त्यात सायलिसिन स्वतःलाही धरतं, शेजारच्या प्रथिनांनाही धरतं. एका बाजूला टोपीचं आतलं पटल, दुसऱ्या बाजूला केंद्रकाचं आवरण. २०२४ मध्ये चीनमधल्या एका गटाने हा थर-रचनेचा क्रम मांडला. माथे बिघडलेल्या पाचशेहून अधिक वंध्य पुरुषांच्या जनुकांत त्यांना १९ जणांत सीवायएलसी१ मधला एकच बदल मिळाला. त्याआधी २०२३ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या गटाने उंदरांत ही दोन्ही जनुकं एकेक करून बंद केली होती. दुसरं सायलिसिन गेलं की नर पूर्ण वंध्य. फक्त पहिलं गेलं तर प्रजननक्षमता घटते, संपत नाही.

‘घटते, संपत नाही.’ या तीन शब्दांमुळेच अहवालाच्या शेवटी प्रयोगशाळेने लिहिलं होतं: अनिश्चित अर्थाचा बदल. जनुकातल्या बदलांच्या पाच पायऱ्या असतात, पूर्ण निरुपद्रवीपासून नक्की रोगकारकपर्यंत. हा बदल मधल्या पायरीवर. मी तिला हे समजावलं तेव्हा गणिताच्या बाईंनी विचारलं, “म्हणजे सहा वर्षांनी उत्तर आलं आणि उत्तर आहे, ‘सांगता येत नाही’?” मी म्हटलं, उपचाराचं उत्तर सांगता येतं. कारणाचं, अजून नाही.

उपचाराचा भाग आधी उरकते, कारण तो तुलनेने सोपा होता. टोपीशिवाय शुक्राणू आवरण फोडू शकत नसेल तर त्याला सुईने आत सोडायचं. हे इक्सी, १९९२ पासून रुळलेलं तंत्र. चिनी गटानेही या जनुकात बदल असलेल्या पुरुषांत इक्सीने गर्भधारणा झाल्याचं नोंदवलं होतं. धास्ती एकच होती. स्त्रीबीजाला ‘जागं’ करणारं पीएलसी झीटा हे प्रथिन शुक्राणूच्या माथ्यात याच थराच्या आसपास वस्तीला असतं. थर विस्कटला तर तेही जाऊ शकतं, आणि मग शुक्राणू आत जाऊनही स्त्रीबीज झोपलेलंच राहतं. अशा वेळी कॅल्शियम आयनोफोर वापरून त्याला कृत्रिमरीत्या जागं करतात. भ्रूणतज्ज्ञ बाईंनी ते तयार ठेवलं आणि आधी न वापरण्याचा निर्णय घेतला. मला तो पटला, कारण टोपी अर्धवट का होईना, पण असलेले शुक्राणू निवडता येत होते. दहा स्त्रीबीजं मिळाली, आठ पक्व, आठांत इक्सी, पाच फलित. पाचव्या दिवशी दोन चांगले भ्रूण. एक ठेवला, एक गोठवला. आयनोफोर लागलं नाही.

आता दुसरा भाग. तो मला जास्त दिवस पुरला.

बदल एक्सवर म्हणजे तो मुलाकडे वारशाने आला असेल तर आईकडूनच. बापाकडून मुलाला वाय मिळतो, एक्स कधीच नाही. मी त्याच्या आईची तपासणी सुचवली, कारण तिच्यात बदल नसला तर तो मुलात नव्याने झालेला, आणि मग पुराव्याचं वजन वाढतं. आई आल्या, रक्त दिलं, तीन आठवड्यांनी अहवाल: दोन एक्सपैकी एकावर तोच बदल. त्यांना स्वतःला काहीही त्रास नाही, होणारही नव्हता. हे जनुक फक्त वृषणात, शुक्राणू घडताना कामाला येतं. बाईच्या शरीरात ते आयुष्यभर मिटलेलं पुस्तक असतं.

आई गप्प बसल्या होत्या. सहा वर्षं सुनेला दर महिन्याला कॅलेंडरकडे बघून प्रश्न विचारणाऱ्या याच बाई, असं सुनेने मला आधीच्या भेटीत सांगितलं होतं. मी ते बोलणार नव्हते. त्यांनीच विचारलं, “म्हणजे माझ्याकडून आलं?” मी म्हटलं, तुमच्यामार्फत आलं. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण मला त्यात फरक दिसतो. मग त्या म्हणाल्या, “आणि दादाला?”

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, सासवडजवळ राहणारा. सीताफळ आणि अंजिराची बाग. वय सदुसष्ट. मूल नाही. मी वंशवृक्ष काढताना ‘मामा: अपत्य नाही’ असं लिहून पुढे गेले होते. इथे माझी चूक कबूल करते. एक्सवरच्या जनुकाचा संशय असताना मामा हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि मी त्या रकान्यात फक्त एक रेघ मारली होती.

आईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. दादाचं लग्न झालं तेव्हा त्या स्वतः सोळा वर्षांच्या. पाचेक वर्षांनी वहिनीला मूल होत नाही म्हणून दादाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी झाली. दादाने ऐकलं नाही. पण वहिनीला कुणाच्या डोहाळजेवणाला पुढे बोलावलं नाही. “मी माझ्या ह्याच्या बारशाला,” त्यांनी मुलाकडे हात केला, “वहिनीला पाळण्याची दोरी धरू दिली नव्हती. सासूबाई नको म्हणाल्या आणि मी पण गप्प बसले.” मुलाने आईकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं.

मामा-मामी पुढच्या आठवड्यात आले, हातात अंजिराची पाटी. मामांना मी आधी एकट्यांना विचारलं, कारण रक्त त्यांचं आणि अहवालही त्यांचाच. ते म्हणाले, “भाच्याच्या कामी येत असेल तर घ्या.” वीर्याचा नमुना द्यायला मात्र नकार. मी आग्रह केला नाही. मामांत तोच बदल निघाला.

मामींना समजावताना मी पुन्हा चुंबळ काढली. त्या विहिरीवरून पाणी आणलेल्या बाई, माझ्या उपमेवर त्यांनी लगेच बोट ठेवलं. “चुंबळ नसली म्हणून घागर नेता येत नाही असं नाही हो. मान आखडते. चार खेपांत एखादी पडते.” पाचशे रुग्णांचा अभ्यास वाचून मी जे दहा मिनिटं सांगत होते ते एवढंच होतं. घटते, संपत नाही.

आणि तिथेच माझी अडचण झाली. कारण मामी दुसऱ्या भेटीत एकट्या आल्या, स्वारगेटला उतरून रिक्षाने, आणि म्हणाल्या, “मला मराठीत लिहून द्या.” काय लिहून देऊ? “की माझ्यात काही नव्हतं.”

विज्ञानाच्या बाजूने मी काय सांगू शकत होते ते इथे नोंदवते. आई वाहक आहेत, म्हणजे स्वतःला त्रास नसताना बदल पुढे देऊ शकतात, हे कळल्यावर त्यांना तो बदल त्यांच्या आईकडून आला असेल, तर भावालाही तो मिळण्याची शक्यता तशीही निम्मी होती. म्हणजे मामांत तो सापडणं हा पुरावा आहे, पण हलका. मामांचे शुक्राणू कुणी पाहिलेले नाहीत. मामींची कधी एकही तपासणी झालेली नाही, ना त्या काळात, ना आता तिचा उपयोग. मूल न होण्याची कारणं दोन्हीकडे असू शकतात, एकत्रही असू शकतात. प्रयोगशाळेला मी मामांचा निकाल कळवला. त्यांनी पायरी बदलली नाही, आणि त्यांच्या जागी मीही बदलली नसती. ‘नव्हतं’ हा शब्द मी सहीनिशी लिहू शकत नव्हते.

दुसऱ्या बाजूला ही बाई चाळीसहून अधिक वर्षं ज्या निकालाखाली जगली त्याला तर कसलाच पुरावा नव्हता. तिच्याविरुद्धचा निकाल देताना कुणी पाच पायऱ्या मोजल्या नव्हत्या.

मामांची लेखी परवानगी घेतली, कारण त्यांचा अहवाल उघड होणार होता. त्यांनी सही करताना विचारलं, “तिला पाहिजे का?” मी हो म्हटलं. “मग द्या.” मग मी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. यजमानांच्या एक्स गुणसूत्रावर शुक्राणूच्या माथ्याची रचना बिघडवू शकणारा बदल आढळला आहे. अशा बदलामुळे मूल होण्यात अडचण येऊ शकते. पत्नीमध्ये दोष असल्याचा कोणताही वैद्यकीय पुरावा, तेव्हा किंवा आता, उपलब्ध नाही. खाली सही, शिक्का, तारीख. मामींनी वाचलं, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग विचारलं, झेरॉक्स कुठे मिळेल. मला वाटलं एक प्रत हवी असेल. त्यांना पाच हव्या होत्या.

धायरीच्या सुनेचा पाचवा महिना लागला तेव्हा आई पुन्हा आल्या, या वेळी एक व्यावहारिक प्रश्न घेऊन. नातू झाला तर त्याला हे असेल का? नसेल, बापाकडून मुलाला वाय जातो, तेव्हा हा बदल मुलग्यात येणारच नाही. आणि नात झाली तर? तिला बापाचा एकुलता एक्स मिळणारच, तेव्हा ती नक्की वाहक. त्या जरा थांबल्या. गोठवलेल्या भ्रूणाबद्दल विचारावंसं वाटत होतं, ते मला दिसलं, म्हणून मीच सांगून टाकलं. लिंगनिवड १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि २००३ पासून तो गर्भ राहण्याआधीच्या निवडीलाही लागू आहे. शिवाय वाहक असणं हा आजार नाही. तुम्हीच समोर बसला आहात, साठ वर्षांत तुमचं या जनुकावाचून काय अडलं? सून पहिल्यांदाच सासूकडे बघून हसली. आईंनी मान हलवली. डोहाळजेवणाला वहिनीला ओटी भरायला बोलावणार असल्याचं त्यांनी जाता जाता सांगितलं. वहिनींनी अजून हो म्हटलेलं नाही, असंही.

मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे. बाराव्या दिवशी वडिलांनी फोन करून विचारलं, हिची तपासणी कधी करायची. करायची नाही. ती वाहक आहे हे रक्त न घेताही ठाऊक आहे, आणि लहानपणी त्याचा तिला काही उपयोग नाही. फाईलवर शेवटची नोंद अशी आहे: कन्या, निश्चित वाहक, तपासणी नाही. अठरा वर्षांनंतर, तिने स्वतः विचारल्यास माहिती द्यावी. वंशवृक्षात मामांच्या रकान्यातली रेघ खोडून दुरुस्ती केली आहे.